पुस्तक स्वतःच छापायचंय, प्रेसवाले ‘प्रिंट रेडी पीडीएफ’ मागतायत, म्हणजे नेमकं काय द्यायचं?

टेकडीफिरस्ता
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वेताळ टेकडीवर सकाळी जातो, तिथली झाडं-झुडपं, गवतं, पावसाळ्यातली रानफुलं यांच्या नोंदी ठेवत आलोय, त्याचं आता पुस्तक करतोय. प्रकाशकांकडे फिरून झालं. एक म्हणाले दोन वर्षांनी बघू, दुसरे म्हणाले पैसे तुम्ही घाला, मग पैसे मीच घालायचे तर मीच छापतो असं ठरवलं. ५०० प्रती काढायच्यात. मजकूर वर्डमध्ये युनिकोडात टाइप केलाय, ए४वर ११० पानं भरतात. प्रत्येक झाडाचं मराठी नाव, खाली रोमन लिपीत तिरक्या अक्षरांत शास्त्रीय नाव. शिवाय साठेक रंगीत फोटो.

शनिवार पेठेतल्या एका प्रेसमध्ये गेलो तर त्यांनी मी उघडलेल्या लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही, “प्रिंट रेडी पीडीएफ मेल करा, कव्हर वेगळं, ब्लीड सोडा, आरजीबी नको” एवढं बोलून फोन कानाला लावला. वर्डमधून सेव्ह ॲज पीडीएफ केलं की होत नाही का? की डीटीपीवाल्याकडे द्यावंच लागतं? तो पानाला दर सांगतो आणि मला कळत नाही की टाइप तर मीच केलंय मग पानाचे पैसे कशाचे. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

पेठेतलाभुंगा
आधी एक सांगा, नर्मदा परिक्रमेचं पुस्तक नाहीये ना? मग चालू द्या. 😀

मुक्कामपोस्टवारजे
वाचनखूण साठवली. माझ्या सासऱ्यांच्या कविता लायनीत आहेत.

पेठेतलाभुंगा
@वारजे, कवितांसाठी प्रिंट रेडी सासरे लागतात. हलके घ्या.

नारायणपेठी
फिरस्ता, ए४ विसरा. आधी साइज ठरवा, बाकी सगळं त्यावर लटकलेलं असतं. मराठी पुस्तकं बहुतेक डेमीत निघतात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. वर्डमध्ये पेज साइज आधी तेवढी करा मग खरी पानं कळतील, समजा तुमची ११० ची १७० च्या आसपास गेली. आणि ती संख्या १६ च्या पटीत बसवायची कारण डेमीचा फॉर्म, म्हणजे एकदम छापून घडी घालायचा मोठा कागद, १६ पानी असतो. १६० किंवा १७६. १७८ झाली तर दोन पानांसाठी प्रेसवाला अर्ध्या-पाव फॉर्मचं सेटिंग लावणार आणि पैसे तुमच्याकडूनच घेणार. त्यापेक्षा मनोगत थोडं आवरा, ते तसंही कोणी वाचत नाही.

शिलाईकडचा समास बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवा, आत १८-२० मिमी तरी हवाच, नाहीतर वाचणाऱ्याला पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून धरावं लागतं. विषम पान उजवीकडे येतं हे डीटीपीवाल्याला माहीत असतं पण वर्डला तुम्ही मिरर मार्जिन सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि पीडीएफ सुट्या पानांची द्या. समोरासमोरची दोन पानं जोडून देऊ नका, कुठलं पान कुणाच्या पाठपोट जाणार हे प्रेसवाला फॉर्म लावताना बघतो.

जुनाखिळा
माझं मत थोडं कडू आहे. तीसेक वर्षं या धंद्यात गेली, खिळे जुळवण्यापासून ट्रेसिंगवर लेझर प्रिंट काढून प्लेट करण्यापर्यंत सगळं केलंय. लेखकाने स्वतः लावलेली पानं लांबून ओळखू येतात. जस्टिफाय केलेल्या ओळीत शब्दांमध्ये भोकं पडलेली, परिच्छेदाची शेवटची एक ओळ पुढच्या पानाच्या माथ्यावर एकटीच, आणि ओळींमधलं अंतर इतकं कमी की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. देवनागरीला वरून मात्रा खालून उकार, इंग्रजीच्या मापाने अंतर ठेवून चालत नाही. १२ पॉइंट अक्षराला १७-१८ तरी सोडावंच लागतं. टाइप तुम्ही केलंत हो, पण पानाचे पैसे टायपिंगचे नसतात, या सगळ्याकडे बघायचे असतात. श्रीलिपी या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या चांगल्या ऑपरेटरकडे द्या आणि तुम्ही टेकडीवर जा.

अनघा_के
काकांचा मान राखून, श्रीलिपीला माझा ठाम विरोध. मी मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या पन्नाशीचं पुस्तक इनडिझाईन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलं, युनिकोडातच. सुरुवातीला सगळ्या वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरं पाय मोडून पडलेली. त्याचं कारण एकच, पॅराग्राफ स्टाइलमध्ये जस्टिफिकेशनखाली कंपोझर म्हणून एक रकाना असतो, तिथे ‘वर्ल्ड रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडावा लागतो. तो निवडला की क्षणात सगळं सरळ. लँग्वेजमध्ये मराठी निवडलं की ज्या फाँटात सोय आहे त्यात ल आणि श पण आपल्या वळणाचे येतात, हिंदी पुस्तक वाचतोय असं वाटत नाही.

फाँट फुकटात चांगले मिळतात. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत, आयआयटी मुंबईचा शोभिका आहे, गूगलवर टिरो देवनागरी मराठी आहे. पुस्तकाच्या मजकुराला मी यशोमुद्रा वापरला. इनडिझाईनचं भाडं परवडत नसेल तर स्क्रायबस फुकट आहे, १.६ मध्ये देवनागरी नीट चालते आणि सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांची, पीडीएफ थेट निघते.

जुनाखिळा
@अनघा, तुमचं पुस्तक झालं याचा आनंदच आहे. पण पुण्यातल्या निम्म्या ऑपरेटरांचा हात अजून श्रीलिपीवरच चालतो आणि त्यांच्या पानाची घडण बघितलीत तर युनिकोडवाल्यांनी शिकावं अशी असते. श्रीलिपी काढणारी मॉड्युलर इन्फोटेक काय परदेशी कंपनी नाही, आपल्या पुण्याचीच. उगाच नाकं मुरडू नयेत.

खडूस
आला, युनिकोड विरुद्ध श्रीलिपी आला. मला वाटलंच पाचव्या-सहाव्या प्रतिसादात येईल. खुर्ची ओढून बसलोय.

प्रूफमावशी
भांडण बाजूला ठेवून एक व्यवहाराची गोष्ट सांगते, कारण मी मुद्रितशोधनाची कामं करते आणि दोन्हीकडची प्रुफं माझ्याकडे येतात. युनिकोड मजकूर श्रीलिपीत वळवला की काही ठरावीक ठिकाणी खड्डे पडतात. दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा यातला र्‍ तुटतो. ॲ चा अ होतो नाहीतर चौकोन येतो. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. हे सगळं शोधून दुरुस्त करता येतं, मी करतेच.

पण फिरस्तादादा, तुमच्या पुस्तकात प्रत्येक झाडाखाली रोमन शास्त्रीय नाव आहे. श्रीलिपीच्या जुन्या पद्धतीच्या फाँटात इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. सगळा मजकूर सिलेक्ट करून फाँट लावला की तुमची सगळी शास्त्रीय नावं देवनागरीतला गिचमिड काला होऊन जाणार. मग ऑपरेटर एकेका नावाला हाताने फाँट बदलत बसणार, आणि एखादं सुटलं तर लॅटिन येत नसलेल्या माणसाला तिथे काय होतं हे कळणारही नाही. दीड-दोनशे नावं असतील ना? एका आयुर्वेदाच्या पुस्तकाची अशी प्रुफं मी तपासलीयेत, पुन्हा नको रे बाबा.

आणि शेवटी झाडांच्या नावांची सूची देणार असाल तर ती अकारविल्हे लावायला युनिकोडात एक बटण पुरतं. तिकडे सूची हाताने.

जुनाखिळा
मावशींचा मुद्दा मान्य. शास्त्रीय नावांचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. या पुस्तकापुरतं युनिकोडच बरं. कादंबरी असती तर मी हटलो नसतो.

खडूस
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

शाईचंबोट
प्रीप्रेसमध्ये, म्हणजे छपाईआधी फाइली तपासायच्या विभागात काम करतो, दिवसभर लोकांच्या पीडीएफच उघडतो म्हणून लिहितोय. वर्डची पीडीएफ चालत नाही असं नाही, पण ती आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरवा-निळा रंगांत असते, आणि ती बदलताना काळा मजकूर कधी नुसत्या काळ्यात जातो कधी निळा-किरमिजी-पिवळा-काळा चारही प्लेटांवर जातो. चारांवर गेला की मशीनवर कागद केसभर सरकला तरी प्रत्येक अक्षराला रंगीत सावली येते. तपासायचं सोपं आहे. ॲक्रोबॅट प्रोमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू उघडा, तिथे चार रंगांची नावं आणि समोर खुणा दिसतात, त्यातली ब्लॅकची खूण काढा. मजकूर पानावरून साफ गायब झाला पाहिजे. करडं भूत मागे उरलं तर फाइल परत करा. इनडिझाईन किंवा स्क्रायबसमधून पीडीएफ एक्स-१ए हा छपाईसाठीचा प्रकार काढला तर फाँट आत बसलेले असतात, ट्रान्सपरन्सी सपाट झालेली असते, आरजीबी उरत नाही, आम्हाला तीच लागते. फक्त मजकूर शंभर टक्के काळा आहे का हे तरीही बघायचंच.

आता फोटो. तुमचा खरा प्रश्न तोच आहे आणि तुम्ही तो विचारलाच नाहीये. टेकडीवरचे फोटो म्हणजे हिरवा रंग. मोबाइलच्या पडद्यावर जे पोपटी गवत चमकतं ते चार शायांमध्ये नाहीच, कितीही भारी मशीन आणा. सीएमवायके केल्यावर ते थोडं शेवाळी दिसणार. गोकर्ण घेतलीये का? तिचा निळा सरळ जांभळ्याकडे पळतो, तिथे किरमिजी मुद्दाम कमी करावा लागतो. पांगाऱ्याचा लाल आणि गणेरीचा पिवळा मात्र झकास येतात, तिथे काळजी नको. म्हणून सगळे फोटो एका झटक्यात कन्व्हर्ट न करता मुख्य फोटो एकेक उघडून बघा. प्रेसला विचारा कुठला कलर प्रोफाइल लावू, त्यांना माहीत नसेल तर तीही माहितीच आहे.

टेकडीफिरस्ता
@शाईचंबोट, गोकर्ण आहे!! आणि मुखपृष्ठावर तीच टाकायची होती.

मावशी, शास्त्रीय नावांचं वाचून घाम फुटला. बरं झालं आधी विचारलं. नावं १४० च्या वर आहेत.

काही फोटो मित्रांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले आहेत, ते चालतील ना? मोबाइलवर छान दिसतात.

शाईचंबोट
मुखपृष्ठाला गोकर्ण नको असं म्हणत नाही, पण आधी एक रंगीत प्रूफ काढून बघा आणि मग ठरवा.

व्हॉट्सॲपचे नकोत. छपाईला छापायच्या मापात ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके लागतात. डेमीचं पूर्ण पान म्हणजे १६५० बाय २५५० पिक्सेल, त्याला कटिंगचं मार्जिन वेगळं. नेहमीसारखा पाठवलेला व्हॉट्सॲपचा फोटो लांब बाजूला साधारण १६०० वर आणून ठेवतो, वर दाबून पिळलेला. मित्रांना म्हणावं डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका. आणि ७२ डीपीआयचा फोटो फोटोशॉपमध्ये नुसता ३०० लिहून मोठा केला तर आकडा बदलतो, पानाफुलांच्या कडा काही परत येत नाहीत. हे करणारे लोक रोज भेटतात, वर वाद घालतात.

नारायणपेठी
रंगीत फोटोंबद्दल पैशाचं गणित सांगतो. साठ फोटो पुस्तकभर विखुरलेत तर सगळे फॉर्म चार रंगांत छापावे लागतील, कल्याण. शिवाय मॅपलिथो, म्हणजे पुस्तकाचा साधा, चकाकी नसलेला कागद शाई पितो, फोटो काळपट पडतात. त्यापेक्षा मजकूर ७० जीएसएम (कागदाचं वजन, चौरस मीटरला ग्रॅम) नॅचरल शेड मॅपलिथोवर एका रंगात, आणि सगळे फोटो १६ पानांच्या एका वेगळ्या फॉर्मवर १३० जीएसएम गुळगुळीत आर्ट पेपरवर. पानावर चार-चार फोटो, साठ आरामात बसतात. मजकुरात ‘रंगीत पान ५ पाहा’ असं द्यायचं. या फॉर्मच्या पानांना वेगळे क्रमांक द्या, नाहीतर सगळी अनुक्रमणिका हलते.

दोन गोष्टी मात्र आधी बोलून घ्या. हा फॉर्म शिलाईच्या बांधणीत दोन फॉर्मच्या मध्येच बसतो, ८० व्या किंवा ९६ व्या पानानंतर, तुमच्या मनाला येईल तिथे नाही. आणि शिलाई हवीच. नुसत्या गोंदाच्या परफेक्ट बाइंडिंगमध्ये आर्ट पेपर नीट धरत नाही, चार वेळा उघडलं की गोकर्णीचं पान हातात येतं. टेकडीवर पिशवीतून न्यायचं पुस्तक आहे हे.

मुक्कामपोस्टवारजे
कव्हरचा कणा किती ठेवायचा हे कोण सांगतं? सासऱ्यांच्या कविता ६४ पानांत आहेत.

अनघा_के
@वारजे, ६४ पानांत कण्यावर नाव टाकू नका, ते घसरून पुढच्या किंवा मागच्या बाजूला येतं. सरळ पिनांची बांधणी करा.

@फिरस्ता, तुमचं असं येईल बघा. मजकुराची १७६ पानं म्हणजे ८८ कागद, ७० जीएसएम मॅपलिथो साधारण ०.०९ मिमी जाड, म्हणजे जवळपास ८ मिमी. रंगीत फॉर्मचे ८ कागद, अजून पाऊण-एक मिमी. कणा ९ मिमी धरा. मग अख्खं कव्हर एकाच सपाट फाइलमध्ये, डावीकडे मलपृष्ठ, मध्ये कणा, उजवीकडे मुखपृष्ठ. १३९.७ अधिक ९ अधिक १३९.७ म्हणजे २८८.४ मिमी रुंद आणि २१५.९ उंच. चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे २९४.४ बाय २२१.९. फोटो किंवा रंग त्या ब्लीडच्या टोकापर्यंत न्यायचा, म्हणजे कटिंग जरा इकडेतिकडे झालं तरी पांढरी रेघ दिसत नाही. उलट अक्षरं कडेपासून आत ठेवायची.

पण कणा फायनल करण्याआधी प्रेसला त्याच कागदाची कोरी डमी बांधून मागा आणि पट्टी लावून मोजा. बल्की, म्हणजे तेवढ्याच वजनाचा पण जाड कागद घेतलात तर हे सगळं गणित बदलतं.

प्रूफमावशी
कव्हरवर आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाची जागा सोडा. भारतात तो फुकट मिळतो, शिक्षण मंत्रालयाखालच्या राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीच्या पोर्टलवर लेखक स्वतः अर्ज करू शकतो. ‘काढून देतो’ म्हणून पैसे मागणारे भेटतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा. बारकोड नुसत्या काळ्यात आणि पांढऱ्या चौकोनावर, फोटोवर थेट नको. ई-बुक काढलंत तर त्याला वेगळा नंबर.

अवांतर: छापून झाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, दिल्ली, चेन्नईच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. स्वतः छापणारे बहुतेक जण पाठवत नाहीत, पण तुमचं पुस्तक टेकडीची नोंद आहे, ते तिथे असायलाच हवं.

पेठेतलाभुंगा
म्हणजे ५०० पैकी चार गेल्या, पन्नास नातेवाइकांना फुकट, पन्नास ‘सही करून द्या’वाल्यांना फुकट. विकायला घेणार की नाही काही?

खडूस
मी विकत घेईन. उधार.

जुनाखिळा
वेळेचं कोणी बोललं नाही. गणपती ते दिवाळी या काळात पेठांमधल्या प्रेसमध्ये पाऊल ठेवू नका. दिवाळी अंकांनी सगळी मशीनं अडकलेली असतात, तुमचा फॉर्म मध्येच घुसवतात आणि शाई सुकायच्या आत घडी घालतात, पाठपोट डाग. शिवाय भर पावसात कागद ओल धरतो. डिसेंबरच्या फर्ग्युसनवरच्या पुस्तक महोत्सवात पुस्तक हवं असेल तर जूनच्या आत छापून मोकळे व्हा, नाहीतर दिवाळी झाल्या झाल्या मशीनवर चढेल अशा तयारीत राहा.

आणि कुणाकडूनही लावून घेतलंत तरी ओपन फाइल, म्हणजे पुढे बदल करता येईल अशी मूळ फाइल, फाँट आणि फोटोंसकट, पैसे देण्याआधी पेनड्राइव्हवर घ्या. आमच्याच धंद्यातले काही लोक ती देत नाहीत, दुसऱ्या आवृत्तीला चार काने-मात्रे दुरुस्त करायला गिऱ्हाईक परत यावं म्हणून. मी दिलेली आहे कायम, म्हणून बोलतो.

टेकडीफिरस्ता
मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आत्तापर्यंत डोक्यात बसलंय ते असं की वर्डमध्ये शेवटचा हात मारून मजकूर मावशींसारख्या कोणाकडून तपासून घ्यायचा, मग पानं लावायला द्यायची पण युनिकोडात काम करणाऱ्यालाच, आणि रंगीत फॉर्म वेगळा. पानाचे पैसे कशाचे हा प्रश्न मी मागे घेतो, जुनाखिळा काका.

एकच राहिलं. वर्डमध्ये मी काय करून ठेवू म्हणजे लावणाऱ्याचं काम कमी होईल?

अनघा_के
स्पेसबारने सरकवलेलं सगळं काढा, एंटर मारमारून पान संपवलेलं काढा. झाडाचं नाव, शास्त्रीय नाव, मजकूर यांना वर्डमध्येच तीन वेगळ्या स्टाइल द्या, इनडिझाईन त्या तशाच उचलतं. फोटो वर्डमध्ये चिकटवू नका, तिथे नुसतं ‘फोटो २३ गणेर’ असं लिहा आणि फोल्डरमध्ये त्याच नावाने मूळ फाइल ठेवा.

प्रूफमावशी
आणि मला देणार असाल तर कागदावर प्रिंट काढून द्या, स्क्रीनवर मी वाचत नाही. सूची आणि अनुक्रमणिकेचे पान क्रमांक अगदी शेवटी टाका, पानं हलायची थांबल्यावर. शास्त्रीय नावं मात्र वनस्पतिशास्त्राच्या माणसाकडून वेगळी तपासून घ्या, तिथे मी स्पेलिंग जुळवीन पण झाड बरोबर आहे की नाही ते मला कळणार नाही.

मुक्कामपोस्टवारजे
मावशी, कविता तपासता का? कवी थोडे हट्टी आहेत.

प्रूफमावशी
@वारजे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. हट्टी कवींचा दर वेगळा आहे.